राउटरमध्ये बाहेरची २ जीबी रॅम टाकल्यापासून दुपारी रीस्टार्ट होतोय (सिस्को २९११), नागपूर

महाल_अभ्यासिका | सोमवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. महालात आमच्या ट्रस्टची अभ्यासिका आहे. दोन मजले, १८० खुर्च्या, सकाळी ६ ते रात्री ११. एमपीएससी, बँक, पोलीस भरती असे सगळे पोट्टे-पोट्टी येतात. बरेच गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडचे, भाड्याच्या खोलीत राहणारे. त्यांच्याकडे इंटरनेट म्हणजे आमचंच. ते मी सांभाळतो. पगारी माणूस नाही, शिकत शिकत करतो.

राउटर जुना घेतलेला सिस्को २९११. मेमरी ५१२ एमबी. एप्रिलपासून संध्याकाळी गर्दी झाली की लॉगमध्ये 'मॅलॉकफेल' (मागितलेली मेमरी मिळाली नाही) यायचं आणि नवीन पानं उघडणं बंद. मेमरी कमी पडते असं समजून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून २ जीबीची पट्टी मागवली. कंपनीची मूळ नाही, बाहेरची. गेल्या रविवारी बसवली. 'शो व्हर्जन' आज्ञा दिली की २५२३१३६के/९८३०४के दिसतं, म्हणजे बेरीज बरोबर अडीच जीबी.

पण तेव्हापासून राउटर दुपारी २ ते ५ मध्ये आपोआप रीस्टार्ट होऊन राहिला. आठ दिवसांत पाच वेळा. सकाळी आणि रात्री एकदाही नाही. शुक्रवारी एका मुलीचा फॉर्म शेवटच्या दिवशी पेमेंटवर अडकला. मोबाइलच्या नेटवरून कसाबसा भरला, पण तिचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही. पट्टीच खराब आहे का? पैसे परत मागू की आणखी काही तपासू?

---

बर्डी_रिपेअर | सोमवार, रात्री ११.४८

भाऊ, पट्टी काढा, सोनेरी टोकांवर खोडरबर फिरवा, परत दाबून बसवा. दहातली सहा कामं तिथंच संपतात. दुकानात रोज करतो.

---

अजनी_काकाजी | मंगळवार, सकाळी ६.१५

खोडरबर नको. कॉम्प्युटरच्या पट्टीवर चालून जातं म्हणून सवय लागते, पण त्यानं सोन्याचा पातळ मुलामा घासला जातो आणि रबराचा चुरा सॉकेटात बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घ्या. पण ते नंतर. आज पट्टीला हातच लावू नका.

महालवाले, तुम्ही वेळा लिहून ठेवल्या, चांगलं केलं. पण राउटर बंद कशामुळे पडला ते तो स्वतः सांगतो, तेही लिहा. 'शो व्हर्जन'मध्ये वरच्या भागात एक ओळ असते, 'सिस्टीम रिटर्न्ड टू रॉम बाय...'. पुढे काय आहे?

'पॉवर-ऑन' असेल तर वीज गेली होती, मेमरीचा काही दोष नाही. 'रीलोड' असेल तर कुणीतरी आज्ञा दिली. 'बस एरर' किंवा 'पॅरिटी एरर', म्हणजे मेमरीशी देवाणघेवाण करताना चूक, असेल तर मग पट्टीकडे वळू. ही ओळ फक्त शेवटच्या वेळेची असते, मागच्या पुसल्या जातात. म्हणून प्रत्येक रीस्टार्टनंतर लगेच उतरवून घ्यायची. फ्लॅशमध्ये क्रॅशइन्फो नावाची फाइल झाली आहे का तेही बघा.

दुसरं, एप्रिलच्या त्या मॅलॉकफेल ओळीत 'पूल' शब्दापुढे काय होतं, प्रोसेसर की आय/ओ? आय/ओ असेल तर तिथं नवी पट्टी न टाकता मेमरीची वाटणी बदलूनही भागतं.

तिसरं, पट्टीवरच्या काळ्या चिपा मोजा आणि लेबल जसंच्या तसं लिहा. झाकण उघडताना वीज काढून ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की अंगावरची स्थिर वीज चिप मारून टाकते आणि आपल्याला झटकाही कळत नाही. नायलॉनच्या सतरंजीवर बसून हे काम करू नका. अर्थिंग केलेल्या रॅकच्या धातूला हात लावा, शक्य असेल तर मनगटाचा पट्टा बांधा.

---

महाल_अभ्यासिका | मंगळवार, रात्री १०.०५

काकाजी, आज ३.४० ला पुन्हा गेला. ओळ लगेच लिहून घेतली, 'बस एरर', पुढे पीसी आणि अ‍ॅड्रेस. क्रॅशइन्फोच्या तीन फाइली सापडल्या. म्हणजे सहा रीस्टार्ट आणि फाइली तीनच.

जुन्या लॉगमध्ये पूल 'प्रोसेसर' आहे.

रात्री सगळे गेल्यावर वीज काढून, रॅकला हात लावून झाकण उघडलं. एका बाजूला ९ चिपा, दुसऱ्या बाजूला ९. लेबलवर पीसी२-५३००ई.

---

अजनी_काकाजी | बुधवार, सकाळी ६.३०

मग जात बरोबर आहे. इतरांसाठी थोडं सांगतो, कारण बाहेरची पट्टी घेताना बहुतेक लोक इथंच फसतात.

साध्या कॉम्प्युटरच्या पट्टीवर एका बाजूला ८ चिपा असतात, माहितीची रुंदी ६४ बिट. ईसीसी पट्टीवर नववी चिप असते, रुंदी ७२ बिट. ते जादा ८ बिट चूक ओळखायला. एक बिट उलटला तर ईसीसी तो दुरुस्त करते, दोन उलटले तर फक्त ओळखते, आणि तेव्हा यंत्र थांबवण्याशिवाय इलाज नसतो. २९११ ला डीडीआर२ ईसीसी लागते, २४० पिनांची. लेबलच्या शेवटचा 'ई' म्हणजे अनबफर्ड ईसीसी. तिथं 'पी' किंवा 'आर' असेल तर ती सर्व्हरची रजिस्टर्ड पट्टी, 'एफ' असेल तर फुली बफर्ड, तिची खाच वेगळ्या जागी असते म्हणून ती बसतच नाही. रजिस्टर्डचा आकार सारखा, खाच सारखी, सॉकेटात बसतेही, पण चालत नाही. राउटर रॉममॉनपर्यंतसुद्धा (चालू होतानाची पहिली पायरी) येत नाही आणि माणूस समजतो बोर्ड मेला.

तुमची पट्टी ओळखली गेली, पूर्ण आकार दिसतो, राउटर तासन्‌तास चालतो. म्हणजे चुकीची पट्टी घेतली हा प्रश्न मिटला. आता चांगली की वाईट हा उरला. 'शो व्हर्जन' आकार सांगतं, तब्येत सांगत नाही.

आता बस एररचा अ‍ॅड्रेस घ्या, 'शो रीजन' आज्ञा द्या, त्यात मेमरीच्या हद्दी येतात. अ‍ॅड्रेस कुठल्याच हद्दीत बसत नसेल तर सॉफ्टवेअरनं नसलेल्या जागी हात घातला, दोष बहुधा आयओएसचा, म्हणजे राउटरच्या सॉफ्टवेअरचा. हद्दीच्या आत असेल तर जागा खरी आहे आणि तरी उत्तर आलं नाही, मग संशय हार्डवेअरवर.

सहा रीस्टार्टना तीनच फाइली ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. क्रॅश झाला की फाइल लिहिली जाते. वीज गेली तर लिहायला वेळच मिळत नाही.

---

हिंगणा_एमआयडीसी | बुधवार, दुपारी १.१२

मी मागच्या प्रश्नाकडे वळतो. ५१२ एमबी संपली कशी? १८० खुर्च्यांना २९११ त्या मेमरीत आरामात पुरायला हवा.

नॅट म्हणजे सगळ्यांना एकाच पत्त्यावरून बाहेर पाठवणारी सोय; तिच्या एका नोंदीला सुमारे ३१२ बाइट लागतात, दहा हजार नोंदींना ३ एमबीच्या आसपास. तुमचे १८० जण, प्रत्येकी दोन उपकरणं, प्रत्येकाच्या १५० नोंदी धरल्या तरी ५४ हजार नोंदी होतात आणि १७ एमबीच्या आत भागतं. शिवाय टीसीपीच्या नोंदी मुळात २४ तास धरून ठेवलेल्या असतात, त्या एका तासावर आणा: 'आयपी नॅट ट्रान्सलेशन टीसीपी-टाइमआउट ३६००'. उपयोग होईल, पण मेमरी खाणारा दुसराच कुणीतरी आहे.

'शो प्रोसेसेस मेमरी सॉर्टेड' द्या. 'होल्डिंग' (कुणी किती मेमरी धरली) रकाना सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा उतरवा, तीन दिवस. 'शो मेमरी स्टॅटिस्टिक्स'मध्ये 'लार्जेस्ट' हा आकडाही बघा. मोकळी जागा पुष्कळ दिसते, पण सलग मोठा तुकडा नसतो, तेव्हाही मॅलॉकफेल येतो.

---

कामठी_केबल | बुधवार, दुपारी २.३०

माझा अनुभव वेगळ्या राउटरचा, पण दुखणं तेच. मायक्रोटिक सीसीआर१०३६. त्यात लॅपटॉपच्या आकाराचे दोन स्लॉट असतात, डीडीआर३. मूळ ४ जीबी काढून मी ८-८ च्या दोन बाहेरच्या पट्ट्या टाकल्या. 'सिस्टीम रिसोर्स प्रिंट'मध्ये १६ जीबी दिसली. दोन दिवसांनी लॉगमध्ये 'राउटर वॉज रीबूटेड विदाउट प्रॉपर शटडाउन, प्रॉबेबली कर्नल फेल्युअर'.

मी एक पट्टी काढली, तीन दिवस चालवलं. ती बाजूला ठेवली, दुसरी टाकली, तीन दिवस चालवलं. दुसरीवर १४ तासांत पडला. झालं, सापडली. दोन्ही एकदम बदलल्या असत्या किंवा त्याच दिवशी राउटरओएसचं (मायक्रोटिकचं सॉफ्टवेअर) नवं व्हर्जनही चढवलं असतं, तर आजही शोधत बसलो असतो.

एक विचारायचं होतं, पूर्ण बीजीपी टेबल (जगभरच्या इंटरनेट मार्गांची यादी) घ्यायचं तर २९११ वर अडीच जीबी पुरेल का?

---

हिंगणा_एमआयडीसी | बुधवार, दुपारी ३.०५

कामठी भाऊ, जगाचं आयपीव्ही४ टेबल केव्हाच नऊ लाख मार्गांच्या पुढे गेलं. साठवायला मेमरी कदाचित पुरेल, पण या प्रोसेसरवर ते ओझं टाकू नका. मोठ्या यंत्रांत तर रॅम वाढवून उपयोगच नसतो, कारण पाकिटं पुढं ढकलण्याचं टेबल टीकॅम नावाच्या वेगळ्या मेमरीत असतं. १२ ऑगस्ट २०१४ ला टेबलानं ५ लाख १२ हजारांचा आकडा ओलांडला आणि जगभर कित्येक जुनी यंत्रं अडखळली. त्यांच्यात रॅम शिल्लक होती, टीकॅम भरलं होतं. वरच्या प्रदात्याकडून डिफॉल्ट रूट घ्या.

---

गोपालनगर_ताई | बुधवार, रात्री ९.४०

महाल दादा, राउटर ठेवलाय कुठं? कुणी विचारलंच नाही. मी एका शाळेची लॅब बघते. आमच्याकडेही सगळं दुपारी बिघडायचं आणि कारण जागेत निघालं.

---

महाल_अभ्यासिका | गुरुवार, रात्री ११.३०

ताई, वरच्या मजल्यावर लाकडी कपाटात. कुलूप असतं, मुलांचा हात लागू नये म्हणून. वर थेट स्लॅब. त्याच हॉलमध्ये दोन मोठे डेझर्ट कूलर.

आज बराच वेळ तिथंच बसलो. थर्मामीटर कपाटात ठेवला होता. सकाळी ७ ला ३३ अंश, दुपारी ३ ला ४७. बाहेर ४५ होतं.

रीजन तपासलं. तिन्ही फाइलींतले अ‍ॅड्रेस मेन मेमरीच्या हद्दीच्या आत आहेत.

आणि आज २.१० ला माझ्या डोळ्यांदेखत गेला. कूलरचा पंप आणि पंखा एकदम चालू केला, दिवे मंदावले, इन्व्हर्टर टकटक वाजला आणि राउटर बंद होऊन चालू झाला. शेजारचा स्विच मात्र चालूच. 'शो व्हर्जन'मध्ये 'पॉवर-ऑन'. क्रॅशइन्फो नाही.

---

अजनी_काकाजी | शुक्रवार, सकाळी ६.१०

मग दोन रोग आहेत, आणि ते एकाच वेळेला येतात म्हणून एक वाटत होते. एक विजेचा, एक उष्णतेचा.

विजेचा आधी मिटवा, सोपा आहे. इन्व्हर्टरच्या मागे बहुतेक 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असा खटका असतो. नॉर्मलवर असेल तर व्होल्टेज खूप खाली जाईपर्यंत तो वाट बघतो, आणि बॅटरीवर यायलाही जास्त वेळ घेतो. पंखा, दिवा तेवढं सहन करतात, राउटर करत नाही. खटका यूपीएसवर करा. त्याहून बरं म्हणजे राउटरला स्वतःचा छोटा यूपीएस. आणि कूलर वेगळ्या लाइनवर घ्या, वायरमनकडूनच.

उष्णतेचं असं. राउटरला हवेच्या तापमानाची हद्द असते, तीही आत घेतलेल्या हवेची. तुमच्या कपाटात ४७. मूळ भाग अशा वेळी तग धरतात, कारण त्यांत थोडी गुंजाइश ठेवलेली असते. बाहेरची पट्टी काठावर पास झालेली असेल तर ३५ ला नीट चालते आणि ४७ ला बिट सोडते. चिपमधला प्रत्येक बिट म्हणजे इवलासा विद्युतभार. तो गळत असतो, म्हणून सारखा ताजा करावा लागतो. गरमीत गळती वाढते. दुबळा बिट पुढच्या फेरीपर्यंत टिकत नाही.

आता पट्टी काढा आणि राउटर त्याच कपाटात मूळच्या ५१२ वर तीन दुपारी चालू द्या. जागा बदलू नका, म्हणजे पट्टीबद्दल खरं कळेल. हाल होतील, पण हे केल्याशिवाय विक्रेत्यापुढं बोलायला तोंड नाही.

---

बर्डी_रिपेअर | शुक्रवार, सकाळी १०.२०

काकाजी, खोडरबराचं पटलं. पट्टी माझ्या दुकानात आणून द्या, डीडीआर२ चा जुना बोर्ड आहे, त्यावर अनबफर्ड ईसीसी चालते. मेमटेस्ट (मेमरी तपासणारा प्रोग्राम) लावून देतो. पैसे नको, अभ्यासिकेचं काम आहे. माझा धाकटा भाऊ तिथंच बसायचा.

कुणी हेअर ड्रायरनं पट्टी तापवून बघा म्हणेल, तसं करू नका. एकाच चिपला भाजता आणि चांगली पट्टीही जाते.

---

महाल_अभ्यासिका | मंगळवार, रात्री १०.५०

उशिराबद्दल माफी. काकाजी म्हणाले तसंच केलं, एका वेळी एकच बदल.

शुक्रवारी इन्व्हर्टरचा खटका यूपीएसवर केला. तो नॉर्मलवरच होता. शनिवारी वायरमननं कूलर वेगळ्या लाइनवर घेतले. त्यानंतर 'पॉवर-ऑन' एकदाही नाही.

पट्टी काढून शनि, रवि, सोम, आज, चार दुपारी. कपाटात ४६-४७ अंश. बस एरर एकही नाही. संध्याकाळी मॅलॉकफेल मात्र दोनदा आला.

बर्डीच्या दादांकडं पट्टीला रात्रभर मेमटेस्ट लावला, चार फेऱ्या स्वच्छ. मी म्हटलं चला, पट्टी चांगली निघाली. पण त्यांनी तो बोर्ड दुसऱ्या दिवशी पंखा बंद करून दुकानाच्या वरच्या माळ्यावर ठेवला, जिथं त्यांना स्वतःला बसवत नाही. दुपारी अडीचला ३ चुका, तिन्ही एकाच टापूतल्या अ‍ॅड्रेसवर. रात्री खाली आणून परत लावला, चूक नाही.

दादांनी भिंगातून दाखवलं, एका बाजूच्या चिपांवरची छपाई घासून पुन्हा केलेली आहे. दोन बाजूंच्या चिपा एका कंपनीच्या नाहीतच. फोटो विक्रेत्याला पाठवलेत.

---

गोपालनगर_ताई | मंगळवार, रात्री ११.१५

रात्रीच्या परीक्षेत पास झाली म्हणून ती पट्टी परत राउटरमध्ये गेली असती, या विचारानंच कसंतरी झालं. मी आमच्या शाळेत मेमटेस्ट नेहमी एसीच्या खोलीत लावत आलेय. आता यंत्र जिथं असतं तिथंच लावणार.

---

हिंगणा_एमआयडीसी | बुधवार, सकाळी ९.००

होल्डिंगचे आकडे?

---

महाल_अभ्यासिका | बुधवार, रात्री १०.३०

आहेत भाऊ. सकाळी मोकळी मेमरी १४० एमबीच्या आसपास असते, रात्री ८ ला १२ एमबी. सगळ्यात वर एनबार. माझ्या आधीच्या मुलानं दोन्ही इंटरफेसवर 'आयपी एनबार प्रोटोकॉल-डिस्कव्हरी' लावून ठेवलं होतं, कोण काय बघतो ते कळावं म्हणून. मला माहीतही नव्हतं. ते आकडे वर्षभरात कुणी उघडून पाहिले नाहीत.

---

हिंगणा_एमआयडीसी | बुधवार, रात्री १०.४१

काढा. दोन्हीकडून. नॅटचा टाइमआउट ३६०० करा. कॉन्फिग आधी कॉपी करून ठेवा आणि शेवटी 'राइट मेमरी' विसरू नका. पट्टी टाकू नका, आठ दिवस फक्त बघत राहा.

---

कामठी_केबल | गुरुवार, दुपारी १२.००

पण महाल दादा, मूळ कंपनीचीच पट्टी घेतली असती तर? कंपनीचा सपोर्टही मिळाला असता.

---

अजनी_काकाजी | गुरुवार, संध्याकाळी ७.२०

२९११ ची विक्री २०१७ मध्ये थांबली आणि सपोर्ट २०२२ च्या शेवटी संपला, त्यामुळे यांच्यासाठी तो मुद्दा उरत नाही. ज्यांची यंत्रं अजून करारात आहेत त्यांनी मात्र ध्यानात ठेवावं. बाहेरची मेमरी टाकली म्हणून वॉरंटी आपोआप जात नाही. पण बिघाड त्या मेमरीमुळे झाला असं कंपनीला वाटलं तर ती सपोर्ट रोखू शकते. म्हणून मूळ भाग फेकू नका, डबीत नाव घालून ठेवा. तक्रार करण्याआधी मूळ भागावर तोच बिघाड दिसतो का ते पाहून घ्या.

आणि बाहेरची प्रत्येक पट्टी वाईट असते असं मी म्हणणार नाही. माझ्या नोकरीत मी शेकडो बसवल्या, वर्षानुवर्षं चालल्या. ज्याच्याकडून घेतो तो कुठल्या यंत्रावर, किती तास तपासतो आणि बदलून देतो का, हे आधी विचारायचं.

---

महाल_अभ्यासिका | तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ७.००

नवतपा संपला. काल संध्याकाळी पहिला पाऊस शिंतडला.

एनबार काढल्याच्या दुसऱ्या दिवशीच रात्री ८ ला मोकळी मेमरी ११८ एमबी होती, आज सकाळी १४६. मॅलॉकफेल एकही नाही. ट्रस्टींना सांगून राउटर खालच्या मजल्यावर आणला, भिंतीवरच्या जाळीच्या रॅकमध्ये, कूलरच्या ओल्या झोतापासून दूर. दुपारी तिथं ३७-३८ च्या वर गेलं नाही. अपटाइम १९ दिवस.

विक्रेत्यानं पैसे परत दिले आणि पट्टीही ठेवून घ्या म्हणाला. मला ती अभ्यासिकेत ठेवायची नाही, उद्या कुणी चांगली समजून लावेल. काकाजी, तुम्ही पोरांना शिकवता तेव्हा दाखवायला हवी असेल तर आणून देऊ का?

त्या मुलीला काल प्रवेशपत्र आलं. आमच्याच प्रिंटरवर काढलं.

---

अजनी_काकाजी | रविवार, सकाळी ७.३५

आणा. पट्टीवर लाल शाईनं 'खराब, ४५ अंशांवर चुकते' असं लिहून आणा. त्या मुलीलाही सोबत आणा, घरी चहा घेऊ.